वरच्या थरातला अविवाहित

सदर कर्मचारी पुरुष असून पद संगणक सहायक (परिवीक्षाधीन) आहे. वैवाहिक स्थिती : अविवाहित. अपत्ये : निरंक. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर व्रण. केस : काळे, दाट. वर्तणूक : समाधानकारक, अंतिम मत परिवीक्षा पूर्ण झाल्यावर नोंदवण्यात येईल.

या वर्णनातला व्रण तेवढा खरा होता. परिवीक्षा कधीच संपली होती, मधल्या काळात बढती मिळाली होती, लग्न झालं होतं, एक मुलगी होती, आणि केसांबद्दल न बोललेलं बरं. पण कचेरीतल्या प्रत्येक यंत्राचं या वर्णनावर एकमत होतं. आणि जिथे यंत्रांचं एकमत होतं तिथे माणसांनी मध्ये तोंड घालणं त्या कचेरीत असभ्य समजलं जाई.

कचेरी वजनमापांची होती. बाजारातले तराजू, पेट्रोलचे पंप, दुधाची मापं खरी की खोटी हे ठरवायचं तिचं काम. तळमजल्यावर काचेच्या पेट्यांत पितळी वजनं मखमलीवर बसलेली असत. त्यांना हात लावायचा तर हातमोजे घालावे लागत. वरच्या मजल्यावर खुर्च्यांवर माणसं बसलेली असत. त्यांना हलवायला हातमोजे चालत नसत, लेखी आदेश लागे. आणि जिन्याखालच्या खोलीत, जिथे पूर्वी झाडू ठेवत, तिथे हा बसे. त्याला सगळे पासवर्ड म्हणत, कारण पासवर्ड विसरल्याशिवाय कोणी त्याच्याकडे जात नसे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव मुख्यालयाला माहीत होतं, पण मुख्यालय दुसऱ्या शहरात होतं आणि कोणाला हाक मारायची त्यांची पद्धत नव्हती.

पासवर्ड हा स्वभावाने जपून वागणारा माणूस. कुठलीही नवी गोष्ट आली की तो ती आधी स्वतःवर करून बघे. दाराला नवं कुलूप बसलं तेव्हा ते आतून लागतं का हे पाहायला तो आत गेला आणि लागतं हे सिद्ध करून दुपारभर आतच राहिला. दुसऱ्या कोणाचं नुकसान नको, एवढाच त्याचा हेतू. जगातले बरेचसे अपघात याच हेतूने झालेले आहेत.

कचेरीत नवी संगणक व्यवस्था आली तेव्हा ती समजावून सांगायला त्याने साहेबांना दारातल्या सूचनाफलकापाशी नेलं होतं. त्या फलकाला लाकडी चौकट, समोर काच आणि काचेला कुलूप. किल्ली मुख्यालयात. आतली परिपत्रकं मुख्यालयाचा माणूस महिन्यातून एकदा येऊन बदलून जाई. इथल्या कचेरीला काही सांगायचं असलं की ती आपला कागद काचेवर बाहेरून चिकटवी.

"आता समोर उभं राहून बघा साहेब. किती फलक दिसतात?"

"एकच आहे तर एकच दिसणार."

"पण कागद दोन ठिकाणी आहेत. काही काचेच्या आत, काही काचेवर. वाचणाऱ्याला ते कळत नाही. जो कागद पुढे, तो त्याला दिसतो. पुढे काही नसेल तर आतला दिसतो. आपली नवी व्यवस्था अशीच आहे."

साहेबांनी मान हलवली होती. साहेबांची मान चांगली हलती होती. ती कळल्यावरही हले आणि न कळल्यावरही.

संगणकात खरोखर तसंच होतं. खाली मुख्यालयाने पाठवलेला पाया : सगळ्या शाखांना तोच, कोणी त्यात काना-मात्रा बदलू शकत नाही. त्याच्यावर प्रत्येक शाखेचा स्वतःचा एक पातळ थर. एखादा प्रोग्राम येऊन पत्ता सांगे : नोंदी, त्यात कर्मचारी, त्यात अमुक क्रमांक. व्यवस्था आधी वरच्या थरात बघे. तिथे मिळालं तर तेच उचलून देई. नाही मिळालं तर खाली पायात बघे. पत्ता एकच. फाइल कुठल्या थरातून आली हे प्रोग्रामला कोणी सांगत नसे, आणि प्रोग्रामही चौकशी करत नसे. या बाबतीत प्रोग्राम हे आदर्श जावई असतात : ताटात आलं ते कुठून आलं हे विचारत नाहीत.

यात एक मेख होती. काचेच्या आतल्या परिपत्रकात एक अक्षर बदलायचं झालं तर आत हात जात नाही. मग काय करायचं? सगळं परिपत्रक नव्या कागदावर उतरवून काढायचं, त्यात ते एक अक्षर बदलायचं आणि तो कागद काचेवर, बरोबर त्याच जागी, चिकटवायचा. एक बटण शिवायला अख्खा सदरा वर आणण्याचा हा प्रकार. व्यवस्थाही हेच करी. पायातल्या फाइलमध्ये कोणी काडीचा बदल केला की ती अख्खी फाइल वरच्या थरात उतरवून घेई आणि बदल तिथे करी. तेव्हापासून सगळ्यांना वरचीच दिसे. खालच्या फाइलचं पुढे काय होतं याच्याशी मग इथल्या कोणाचा संबंध राहत नसे.

बदल करता येतो हे साहेबांना दाखवायला एक बदल करायला हवा होता. दुसऱ्याच्या नोंदीला धक्का नको म्हणून पासवर्डने स्वतःची नोंद उघडली. त्याचा फोन नंबर नुकताच बदलला होता, तेवढा त्याने दुरुस्त केला. साहेब म्हणाले, "वा." झालं.

त्या 'वा'पासून पासवर्ड थांबला. म्हणजे माणूस चालत राहिला, नोंद थांबली. मुख्यालयातून दर महिन्याला नवा पाया येई, व्यवस्था बंद करून तो बसवण्याचं काम पासवर्डच करी, आणि त्या पायात तो स्वतः हळूहळू प्रगती करत असे. एका महिन्यात तो कायम झाला. पुढे वरिष्ठ सहायक झाला. पुढे विवाहित झाला. पण हे सगळं काचेच्या आत. काचेवर तोच जुना कागद : फोन नंबर बरोबर, बाकी पोरगा परिवीक्षेत.

पगार मुख्यालयातून निघे आणि मुख्यालय खालची फाइल बघे, म्हणून पोटाला चिमटा बसला नाही. बसला तो रजेच्या वेळी. मुलगी झाली तेव्हा त्याने बाप झाल्याची रजा मागितली. आस्थापना सांभाळणाऱ्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अविवाहित माणसाला ही रजा दिली तर बोभाटा होईल हो. तुमची काही अब्रू आहे की नाही?" शेवटी त्याने पोटदुखीची रजा घेतली. मुलीचा जन्म त्या कचेरीच्या दप्तरी अपचन म्हणून नोंदलेला आहे.

त्याला कारण ठाऊक नव्हतं असं नाही. एखाद्या महिन्यात व्यवस्था बंद असताना वरच्या थरातला तो कागद मागच्या बाजूने सोलून काढला की काम फत्ते होतं. पण स्वतःचा फोन नंबर बदलल्यावर त्याला वाटलं होतं की आपल्या नोंदीला आपणच हात लावणं बरं दिसत नाही. आणि त्याने तसा नियमच लिहून साहेबांची सही घेतली होती. त्या नियमाने आजवर एकाच माणसाला अडवलं होतं.

बायको दुसऱ्या गावात, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. अर्ध्या दिवसाचा बसचा रस्ता. सासूबाई तिच्याकडे असत, म्हणून मुलगीही तिथेच. पासवर्ड शनिवारी जाई आणि रविवारी परत फिरे. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा तिने एकदा शेजारच्या पोरीशी ओळख करून दिली : "हे माझे शनिवारचे बाबा." शेजारच्या पोरीने सहज विचारलं, "आणि बाकीच्या दिवसांचे?" सासूबाई आतल्या खोलीत जाऊन हसल्या, पण भिंत पातळ होती.

त्याने बदलीचा अर्ज केला. त्या गावातही वजनमापांची शाखा होती, तिथे एक जागा रिकामी होती, आणि नवरा-बायकोला एका गावात आणण्याची तरतूद नियमांत होती. मुख्यालयाने अर्ज मंजूर केला. आदेश आला : महिनाअखेरपर्यंत रुजू व्हावे, अन्यथा जागा प्रतीक्षेतल्या पुढच्या इच्छुकास देण्यात येईल. पुढचा इच्छुकही कोणाचा तरी नवरा होता आणि तो म्हणे रोज फोन करून विचारत होता, हा आला का.

आता उरली होती इथून सुटका. बाईंनी कार्यमुक्तीचा प्रोग्राम उघडला, क्रमांक घातला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"पासवर्डराव, तुमची बदली होत नाही."

"का?"

"परिवीक्षेतल्या माणसाची होत नाही. आणि कारण दिलंय पती-पत्नी एकत्रीकरण. पत्नी कुठे आहे?"

"बाई, तुम्ही लग्नाला आला होतात."

"आले होते की. कपबश्या दिल्या होत्या. वापरता का नुसत्या मांडून ठेवल्यात?"

"वापरतो."

"मग झालं तर. मला माहितीये हो तुमचं लग्न. मला माहीत असून काय उपयोग? याला माहीत पाहिजे." त्यांनी पेन्सिल पडद्यावर टेकवली. "हा फोटो बघा, केस बघा. लेकरू दिसताय."

दोघे साहेबांकडे गेले. पासवर्डने पुन्हा फलकाची गोष्ट सांगितली. या वेळी साहेबांना ती निम्मी कळली, आणि हेच घातक ठरलं. काहीच न कळलेला माणूस विचार करायला वेळ मागतो.

"म्हणजे तुमचा जुना कागद वर चिकटलाय आणि खरा कागद खाली आहे," साहेब म्हणाले.

"हो."

"मग वरचा काढला की खालचा दिसेल."

"मागून काढला तर दिसेल साहेब. व्यवस्था बंद करून, वरच्या थरात स्वतः जाऊन. समोरून काढला तर नाही दिसणार."

"काढायचं ते काढायचं. समोरून काय नि मागून काय."

"तसं नाही साहेब. समोरून काढायला सांगितलं तर यंत्र..."

"बाई, तुम्हाला नोंद काढायचा अधिकार आहे ना? यांना स्वतःच्या नोंदीला हात लावता येत नाही, नियम आहे. तुम्ही काढा."

साहेबांनी सबंध नोकरीत तडकाफडकी घेतलेले निर्णय हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे होते. त्यातला हा एक. पासवर्ड "थांबा, थांबा" म्हणत त्यांच्या टेबलापाशी पोचेपर्यंत बाईंनी 'काढून टाका'वर बोट ठेवलेलं होतं. बाई कामाला चपळ होत्या, फक्त वेळ चुकीची निवडत.

यंत्राची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रोग्रामने 'काढ' म्हटलं आणि यंत्राने 'काढलं' म्हटलं, की नंतर त्याच पत्त्यावर काही दिसता कामा नये. वरचा कागद काढल्यावर लगेच खालचा दिसू लागला तर प्रोग्राम म्हणेल, आत्ता तर काढला, हा कुठून उगवला? यंत्र शब्दाला जागतं. पायातला कागद त्याला फाडता येत नाही. म्हणून ते वरचा कागद फाडतं आणि त्याच जागी काचेवर एक कोरा कागद लावतं. अर्थ असा : इथे काही नाही, खाली डोकावू नये.

बाईंनी पुन्हा क्रमांक घातला. पडद्यावर आलं : अशी नोंद अस्तित्वात नाही.

"अगं बाई," बाई म्हणाल्या, "मघाशी निदान अविवाहित तरी होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाने पासवर्डचं ओळखपत्र ओळखलं नाही. पहारेकऱ्याने ओळखलं. गेली कित्येक वर्षं तो याला सलाम करत होता आणि आजही त्याने केला. पण फाटक उघडत नाही म्हटल्यावर त्याने खाली बसून पाहुण्यांची वही काढली.

"कोणाला भेटायचंय?"

"अरे, मी रोज येतो."

"ते मला माहीत आहे साहेब, वहीला नाही. कोणाला भेटायचं लिहू?"

"लिही, संगणक विभाग."

पहारेकऱ्याने टेबलावरच्या पडद्यात बघितलं. "त्या विभागात कोणी नाही दाखवतंय."

"मीच आहे त्या विभागात."

"मग बसा जरा. ते आले की सोडतो."

शेवटी बाईंनी खाली येऊन, आपल्याकडे आलेले पाहुणे म्हणून त्याला आत घेतलं. गळ्यात पाहुण्याचा पिवळा बिल्ला घालून पासवर्ड जिन्याखाली जाऊन बसला. तिथे दुसरी गंमत. त्याचे सगळे अधिकार त्याच्या नोंदीला बांधलेले होते, आणि नोंद नव्हती. यंत्राने त्याला आत घ्यायचं नाकारलं. तो कोरा कागद मागून सोलून काढू शकणारा अख्ख्या शाखेत एकच माणूस होता, आणि त्याच कोऱ्या कागदाने त्याला बाहेर ठेवलं होतं. पासवर्ड नावाच्या माणसाचा पासवर्ड चालेना. लोकांना हे कळायला दुपार झाली नाही. एरवी सुट्टीच्या अर्जावर चार शब्द नीट न लिहिणारी मंडळी या विषयावर झरझर विनोद करू लागली.

तो जिवंत उरला होता फक्त उपाहारगृहात. तिथल्या हिशेबाच्या यंत्राने त्याची फाइल आधीच उघडून हाताशी धरून ठेवली होती. एकदा उघडलेली फाइल मागाहून काढून टाकली तरी, ज्याने ती धरून ठेवलीय त्याला ती दिसत राहते. नवीन विचारणाऱ्याला मात्र 'नाही' हेच उत्तर. त्यामुळे चहाच्या खिडकीवर तो पूर्वीसारखाच होता : परिवीक्षाधीन, अविवाहित, एक चहा, दोन टोस्ट.

"तुम्ही गेलात म्हणे," चहावाला म्हणाला.

"असं म्हणतायत."

"माझ्याकडे तर आहात. साखर कमी ना?"

मग वीज गेली, चहावाल्याचं यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं, आणि पासवर्ड तिथूनही गेला. चहावाल्याने चहा ओतला, पण कोणाच्या नावावर टाकू म्हणून खिडकीत पेला धरून बराच वेळ उभा राहिला.

मुख्यालयाला फोन लावले. फोनवरची बाई अतिशय गोड बोलायची. "आमच्याकडे दिसतायत ना. वरिष्ठ सहायक, विवाहित, एक मुलगी, बदली मंजूर. अडचण काय आहे?"

"आमच्याकडे दिसत नाहीत," साहेब म्हणाले.

"आम्ही पुन्हा पाठवू का?"

पासवर्डने साहेबांना हातानेच 'नको' केलं. मुख्यालयाने शंभरदा पाठवलं असतं तरी तो शंभरदा येऊन कोऱ्या कागदाच्या मागेच उभा राहिला असता. नवा पाया येण्याआधी मध्येच व्यवस्था बंद करायला मुख्यालयाची परवानगी लागत होती. परवानगी मागणारा अर्ज संगणक विभागाने करायचा होता. संगणक विभागात कोणी नव्हतं. पुढचा पाया पुढच्या महिन्यात. जागा या महिन्याच्या अखेरपर्यंत.

साहेबांनी एक तोड सुचवली. "बाई तुमची नवीन नोंद करतील. आजपासून रुजू. मग तर दिसाल?"

"दिसेन साहेब. पण नवीन कर्मचारी म्हणून. परत परिवीक्षाधीन. बदलीला अपात्र."

"पण दिसाल."

"मला दिसायचं नाहीये साहेब. मला जायचंय."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. इच्छा आणि नियम यांची टक्कर झाली की ते खिडकीबाहेर बघत. समोर एका दुकानाची पाटी होती, तिच्याशी त्यांची वर्षानुवर्षांची ओळख होती.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. पासवर्ड घरी पोचला तेव्हा सासूबाई दाराशी बसून शेंगा सोलत होत्या.

"या जावईबापू. पाहुण्यांचा बिल्ला तेवढा काढून ठेवा. इथे लागत नाही."

तो बिल्ला काढायचा राहिला होता. त्याने तो खिशात टाकला आणि जेवायला बसल्यावर बायकोला सगळं सांगितलं. बायको दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारी; अर्धवट उत्तर तिला चालत नसे.

"म्हणजे तिथे तू नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"मग जिथे नाहीस तिथून सुटायचं कशाला?"

"अगं, तसं नसतं. कार्यमुक्त झाल्याशिवाय रुजू करून घेत नाहीत."

"कोण घेत नाही? इथला माणूस का इथलं यंत्र?"

"यंत्रच."

"ते काय विचारतं?"

पासवर्डने घास हातात धरला. ते प्रोग्राम सगळ्या शाखांत सारखेच होते, आणि आपल्या शाखेत ते त्यानेच बसवले होते. "दोन गोष्टी विचारतं. एक, नोंदीत बदली मंजूर आहे का. दुसरी, जुन्या शाखेच्या यंत्राला विचारतं, हा माणूस तुमच्याकडे अजून आहे का."

"आणि जुनी शाखा काय सांगेल?"

त्याने घास परत ताटात ठेवला. आतल्या आत तो सूचनाफलकापुढे उभा होता, पण इथल्या शाखेच्या. त्या फलकाच्या आत मुख्यालयाचा तोच कागद होता जो सगळीकडे होता : वरिष्ठ, विवाहित, बदली मंजूर. आणि या काचेवर त्याच्या जागी काहीही चिकटवलेलं नव्हतं. इथे त्याने कधी स्वतःवर काही करून बघितलंच नव्हतं.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"इथली काच स्वच्छ आहे."

"मग जा ना सोमवारी."

"आणि नाही घेतलं तर? तिथेही नाही, इथेही नाही. दोन्हीकडे नाही असा माणूस म्हणजे बेकार."

"आज तरी तू काय आहेस?"

"विचार कर. परवानगीशिवाय निघून आला म्हणून कारवाई होईल."

"कोणावर?" सासूबाईंनी आतून विचारलं. भिंत दोन्ही बाजूंनी पातळ होती.

तो जपून वागणारा माणूस होता. रविवारी रात्री तो नेहमीसारखा परत गेला, सोमवारी सकाळी पाहुणा म्हणून कचेरीत शिरला आणि साहेबांसमोर अर्ज ठेवला : मी जातो, खोलीची किल्ली कोणाकडे देऊ?

साहेबांनी अर्ज वाचला आणि दोन बोटांनी परत सरकवला. "हा मी कोणाचा म्हणून घेऊ?"

"माझा."

"आवक नोंदीत कर्मचारी क्रमांक घालावा लागतो. बाई?"

"क्रमांक घेत नाहीये," बाई म्हणाल्या. मग पासवर्डकडे बघून हळूच म्हणाल्या, "जा हो. तुम्ही नसल्याचं इथे कोणालाच कळवता यायचं नाही. मी कळवायचा प्रयत्नही करून बघेन, हवं तर."

"साहेब, मग मी जाऊ?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "पाहुण्यांना आम्ही अडवत नाही," ते म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत धाडसी वाक्य असावं, आणि कोणत्याही दप्तरात ते सापडणार नाही याची त्यांना खात्री होती.

फाटकावर पहारेकऱ्याने पिवळा बिल्ला परत घेतला. वहीत 'बाहेर' असं लिहून घेतलं. "भेट झाली का?" त्याने विचारलं. "झाली," पासवर्ड म्हणाला.

दुसऱ्या गावची शाखा लहान. फाटकाऐवजी दार. तिथे बसलेला कारकून जांभई देत उठला, क्रमांक विचारला आणि घातला. पासवर्ड पायांकडे बघत उभा राहिला. शेजारी फोन वाजत होता. बहुधा तोच दुसरा नवरा. यंत्राने पहिली गोष्ट बघितली : बदली मंजूर. मग ते दुसऱ्या गोष्टीसाठी जुन्या शाखेकडे गेलं. त्याला जरा वेळ लागला.

"जुनी लाइन मंद आहे हो," कारकून म्हणाला. "तुमच्याकडे संगणकाचं बघतो तरी कोण?"

"सध्या कोणी नाही."

जुन्या शाखेचं उत्तर आलं : अशी नोंद अस्तित्वात नाही. यंत्राचा त्यावर पूर्ण विश्वास बसला. नसलेला माणूस कोणी धरून ठेवलेला असू शकत नाही, म्हणजे तो मोकळा. त्याने पासवर्डला रुजू करून घेतलं. पडद्यावर मुख्यालयातला अलीकडचा फोटो आला : कपाळ मोठं, केस मागे गेलेले. कारकुनाने फोटो बघितला, माणूस बघितला, आणि त्याला दोघांत काही फरक आढळला नाही. मग त्याने फोन उचलला आणि पलीकडच्याला सांगितलं, "आला."

जुन्या कचेरीत पुढच्या महिन्यात नवा पाया बसवायला कोणी नव्हतं, म्हणून ती अजून गेल्या पायावर उभी आहे. लोक पासवर्ड विसरत होते आणि विसरलेलेच राहत होते. मुख्यालयाने विचारणा केली की संगणक विभागातला माणूस परवानगीशिवाय गैरहजर आहे का. साहेबांनी बाईंकडून उत्तर टंकून घेतलं आणि या वेळी सही करण्यापूर्वी ते वाचलं : "उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, या कार्यालयाच्या अभिलेखात सदर कर्मचारी अस्तित्वात नाही. अस्तित्वात नसलेल्या कर्मचाऱ्याची हजेरी अथवा गैरहजेरी विचारात घेण्याची तरतूद नसल्याने, त्याच्या वास्तव्याबाबत व दिनक्रमाबाबत या कार्यालयास कोणतीही माहिती देता येत नाही."

सदर कर्मचारी रोज सकाळी शाळेच्या वेळेआधी मुलीची वेणी घालतो. ती वाकडी येते.